दामाजीचे कोठार आणि बाईचे काळीज

महाराष्ट्रातील काही गावांचे नाव काढले की त्यामागोमाग एखादे दुसरे नाव आपोआप जिभेवर येते. पैठण म्हटले की नाथ, देहू म्हटले की तुकोबा, आणि मंगळवेढा म्हटले की दामाजी. तसे पाहिले तर या गावाजवळ सांगण्यासारखे पुष्कळ आहे. कलचुरी राजांची राजधानी काही काळ येथे होती. बसवेश्वरांचे वास्तव्य येथे झाले असे परंपरा मानते. गावकुसाच्या बांधकामावर राबताना भिंत कोसळून चोखोबा इ. स. १३३८ मध्ये येथेच गेले. कान्होपात्रा येथलीच. संस्थानी अमदानीत हा सांगलीकर पटवर्धनांच्या राज्यातला एक तालुका होता आणि स्वातंत्र्यानंतर तो सोलापूर जिल्ह्यात आला. एवढा इतिहास असूनही लोकांच्या मनात पहिला मान दामाजीपंतांचा, आणि त्याचे कारण एकच. त्यांनी कोठार उघडले.

ती कथा लहानपणी आपण सर्वांनीच ऐकलेली आहे. पंधराव्या शतकातला बेदरच्या बहामनी सुलतानांचा अंमल, घोर दुष्काळ, माणसे अन्नान्न करून मरत आहेत, आणि मंगळवेढ्यात सरकारी धान्याची कोठारे भरलेली. दामाजीपंतांनी हुकुमाची वाट न पाहता ती लुटवली. पुढे बेदरहून बोलावणे आले तेव्हा विठोबा विठू महार होऊन दरबारात गेला, धान्याची किंमत भरली आणि पावती घेऊन परत आला. यातला चमत्काराचा भाग ज्याने त्याने आपल्या श्रद्धेप्रमाणे घ्यावा. मी शाळेत अनेक वर्षे इतिहास शिकविला, आणि दर वर्षी ही गोष्ट सांगताना मला तिच्यात एक साधा विचार दिसत आला. धान्य नसणे हा एक दुष्काळ, आणि धान्य असून दार न उघडणे हा दुसरा.

आज लिहावयाचे आहे ते या दुसऱ्या प्रकारच्या दुष्काळाविषयी. मात्र तो गावातला नव्हे, बाईच्या शरीरातला. हल्लीच्या मुलींच्या तोंडी त्याचे नाव ‘पीसीओडी’ असे असते, डॉक्टर मंडळी ‘पीसीओएस’ म्हणतात. चकलीच्या आणि करंजीच्या ताटाशेजारी रोगाचा विषय कोणी काढतो का, असे वाचक म्हणतील. पण वर्षातून एकदा आजी, आई, मावशी, लेक आणि सून एका पंक्तीला बसतात त्या याच दिवसांत, आणि हा विषय त्या सर्वांचा आहे. मी वैद्य नाही. औषध सांगण्याचा माझा अधिकार नाही. एखादा प्रश्न माणसांनी शतकानुशतके कसा विचारला, कोठे अर्धा विचारला आणि कोठे विचारावयाचाच विसरला, एवढेच पाहण्याची मला सवय आहे.

विकाराचे रूप थोडक्यात असे. पाळी महिनोन्‌महिने येत नाही, किंवा केव्हाही येते. ओठावर, हनुवटीवर राठ केस येतात, मुरमे हटत नाहीत, डोक्यावरचे केस विरळ होतात. पुष्कळ जणींचे वजन कमरेभोवती वाढते. पण किडकिडीत मुलींनाही हा विकार होतो, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे. बीजांडकोशात लहान लहान पुष्कळ पुटकुळ्या दिसतात. त्यांना गाठी म्हणण्याची चाल पडली आहे, पण त्या गाठी नव्हेत. ती अर्ध्या वाटेवर अडकलेली स्त्रीबीजे असलेली पुटके होत. नावातच घोटाळा असल्यामुळे ते बदलावे, अशी शिफारस अमेरिकेतील एका तज्ज्ञमंडळाने २०१२ साली केली होती. जननक्षम वयाच्या स्त्रियांत ढोबळमानाने दहांतल्या एकीला हा विकार असतो. परळच्या राष्ट्रीय प्रजनन आरोग्य संशोधन संस्थेने मुंबईतील तरुण मुलींची पाहणी केली, तिचा निष्कर्ष २०१४ साली प्रसिद्ध झाला. एका कडक निकषाने हे प्रमाण शंभरात सुमारे दहा भरले, दुसऱ्या सैल निकषाने बावीस.

हा रोग नवा, शहरी, पिझ्झा-बर्गरचा, असे म्हणण्याची पद्धत आहे. ती खरी नाही. आपल्याकडील ‘काश्यपसंहिता’ या बालरोगांच्या प्राचीन ग्रंथात रेवतीकल्प नावाचे एक प्रकरण आहे. संततीचा घात करणाऱ्या ‘जातहारिणीं’ची त्यात गणना आहे, आणि त्यांपैकी एकीचे नाव ‘पुष्पघ्नी’ असे आहे. जिचा ऋतू फळाविना वाया जातो, जिचे गाल स्थूल आणि केसाळ असतात, अशी तिची खूण सांगितली आहे. लक्षण किती बारकाईने पाहिले आहे! पण पाहून निर्णय काय केला, तर बाई रोगी आहे असा नव्हे. तिला एका अनिष्ट शक्तीने ग्रासले आहे असा. डोळस निरीक्षण आणि आंधळा निर्णय हे एकाच ओळीत सुखाने नांदू शकतात, याचे हे चांगले उदाहरण आहे.

युरोपात काही निराळे घडले नाही. १७२१ साली इटलीतील आंतोनियो वालिस्नेरी या पंडिताने एका तरुण शेतकरी स्त्रीचे वर्णन लिहून ठेवले. ती विवाहित होती, किंचित स्थूल होती आणि तिला मूल नव्हते. तिचे बीजांडकोश मोठे, पांढरट, चकचकीत आणि कबुतराच्या अंड्यांएवढे होते. तिचे नाव त्याने लिहिले नाही. इतिहासात अशा बाया नावाने येत नाहीत, अवयवाने येतात.

यानंतर बरोबर दोनशे वर्षांनी, १९२१ साली, जगाच्या तीन कोपऱ्यांत तीन घटना घडल्या. त्यांचा एकमेकींशी संबंध आहे, हे त्या वेळी कोणालाच कळले नाही.

पहिली पॅरिसमध्ये. आशार आणि तिएर या दोन डॉक्टरांनी दाढी येणाऱ्या स्त्रियांत मधुमेह आढळतो, असा निबंध लिहिला. त्याचे नावच मुळी ‘दाढीवाल्या बायकांचा मधुमेह’ असे होते. बाईच्या दुखण्याला नाव देतानादेखील तिची थट्टा थोडीशी त्यात मिसळून गेली. ती शास्त्रीय पत्रिकेत छापली गेली म्हणून थट्टा नव्हती असे होत नाही. पण निरीक्षण मोलाचे होते. चेहऱ्यावरचे केस आणि रक्तातली साखर यांची गाठ प्रथम तेथे पडली.

दुसरी कॅनडातील टोरांटो शहरी. बँटिंग आणि बेस्ट यांनी याच साली इन्सुलिनचा शोध लावला आणि मधुमेहाच्या इतिहासाला नवे वळण मिळाले.

तिसरी आपल्या मुंबईत. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी याच वर्षी संततिनियमनाचे केंद्र उघडले. बाईचे शरीर म्हणजे केवळ मुले होण्याचे यंत्र नव्हे, तिच्या प्रकृतीचा आणि सुखाचा स्वतंत्र विचार झाला पाहिजे, हे त्यांनी उघडपणे मराठीत सांगितले. पुढे १९२७ पासून त्यांच्या ‘समाजस्वास्थ्य’ मासिकाने तेच सांगितले, आणि त्याबद्दल त्यांनी कोर्टाच्या पायऱ्या चढल्या, टवाळी सोसली.

दाढीवाल्या बायकांचा मधुमेह, इन्सुलिन, आणि बाईचे शरीर तिचे स्वतःचे आहे हा विचार! ही तीन सूत्रे १९२१ सालीच एकत्र वळली असती तर पुष्कळ जणींचे भले झाले असते. पण इतिहास असा सरळ चालत नाही.

१९३५ साली शिकागो येथील स्टाइन आणि लेव्हेन्थल या डॉक्टरांनी सात स्त्रियांची हकीकत प्रसिद्ध केली. पाळी बंद, बीजांडकोश मोठे, काहींच्या अंगावर राठ केस. त्यांनी बीजांडकोशाचा पाचरीसारखा तुकडा कापून काढला. सातही जणींची पाळी सुरू झाली आणि दोघींना दिवस राहिले. वैद्यकीच्या दृष्टीने ही मोठीच कामगिरी, आणि पुढे अनेक वर्षे हा विकार या दोघांच्या नावाने ओळखला गेला. परंतु तेव्हापासूनच या रोगाचा प्रश्न कायमचा ठरून गेला. ‘हिला मूल कसे होईल?’ पाळणा हलला की रोग बरा झाला, आणि पाळणा हलला नाही तर नशीब! १९६० नंतर बीज फुटण्याच्या गोळ्या आल्या, तेव्हाही विचारणा तीच राहिली.

पॅरिसच्या निबंधातली साखर सर्वांच्या विस्मरणात गेली. ती पुन्हा आठवायला १९८० साल उजाडावे लागले. त्या वर्षी अमेरिकेतील मेम्फिस येथील बर्गन, गिव्हेन्स आणि किताबची यांनी दाखवून दिले की, या स्त्रियांच्या रक्तात इन्सुलिन वाजवीपेक्षा जास्त असते, आणि जितके इन्सुलिन जास्त तितके पुरुषी संप्रेरकही जास्त. १९८९ मध्ये आंद्रेआ ड्युनेफ या विदुषीने आणि तिच्या सहकाऱ्यांनी आणखी पुढचे सांगितले. लठ्ठपणाचा हिशेब वेगळा काढला तरी हा दोष उरतोच. म्हणजे ‘जाड झाली म्हणून हे झाले’ एवढ्यावर भागत नाही. १९२१ ते १९८०, एकोणसाठ वर्षे! एवढ्या काळात एक मुलगी जन्मून, वाढून, मुलाबाळांची होऊन म्हातारी होते.

* * *

आता हे आत घडते कसे, ते आपल्या कोठाराच्या भाषेत सांगून पाहते.

आपण भाकरी खातो, तिची साखर होऊन रक्तात येते. शरीराची प्रत्येक पेशी हे एक घर आहे असे समजा. साखर दाराशी आली की दार उघडण्याची किल्ली म्हणजे इन्सुलिन. स्वादुपिंड ती किल्ली पाठविते. या विकाराच्या पुष्कळ स्त्रियांत घरांची कुलपे गंजलेली असतात. एका किल्लीने दार उघडत नाही, म्हणून स्वादुपिंड दोन पाठविते, मग चार पाठविते. दार कसेबसे उघडते. रक्त तपासले तर साखर ठीक निघते, आणि घरचे म्हणतात, काही झालेले नाही.

पण त्या जादा किल्ल्या स्वस्थ बसत नाहीत. बीजांडकोशाचे कुलूप मात्र गंजलेले नसते. त्यात त्या फिरत राहतात आणि त्याला पुरुषी संप्रेरक जास्त तयार करावयास लावतात. यकृतात त्या संप्रेरकाला बांधून ठेवणारे एक द्रव्य तयार होते, तेही त्या कमी करतात. मग बीज अर्ध्या वाटेवर अडते, पाळी थांबते, हनुवटीवर केस येतात. इकडे पोटाभोवती चरबी साठते, रक्तातली वाईट स्निग्धे वाढतात, चांगले कोलेस्टेरॉल उतरते, रक्तदाब हळूहळू चढतो, आणि रक्तवाहिन्यांचे मऊ अस्तर खरबरीत होऊ लागते. म्हणजे बीजांडकोशाचे दुखणे आणि काळजाचे दुखणे ही पुष्कळदा एकाच मुळाची दोन फळे असतात. एक विशीत दिसते, दुसरे पन्नाशीत. मधली तीस वर्षे कोणी विचारीत नाही.

याची एक खूण तर आपल्या दिवाळीतच दिसते. नरकचतुर्दशीच्या पहाटे आई लेकीला उटणे लावावयास बसते. मानेच्या मागे, काखेत काळसर, जाडसर, मखमलीसारखा पट्टा असतो. ‘किती मळ साठवला आहेस गं!’ म्हणून आई घासते, घासते. मान लाल होते, पण काळे जात नाही. ते जाणार नाही, कारण तो मळ नव्हेच. रक्तात इन्सुलिन जास्त झाल्याची ती खूण पुष्कळदा असते. अशा वेळी उटण्याची वाटी बाजूला ठेवावी आणि दिवाळी झाल्यावर लेकीला डॉक्टरकडे न्यावे.

आता प्रत्यक्ष हृदयाविषयी. येथे इतिहास मोठा बोधप्रद आहे, कारण शास्त्रज्ञांनाही येथे दोनदा विचार करावा लागला. १९९२ साली स्वीडनमधील गोथेनबर्ग येथे डालग्रेन आणि सहकाऱ्यांनी गणित मांडले, की या स्त्रियांना हृदयविकाराच्या झटक्याचा धोका इतरांच्या सुमारे सातपट असावा. जग हादरले. पण तो आकडा प्रत्यक्ष झटके मोजून काढलेला नव्हता, धोक्याच्या कारणांवरून बांधलेला अंदाज होता. १९९८ साली इंग्लंडातून निराळी बातमी आली. १९३० ते १९७९ या काळात ब्रिटिश इस्पितळांत निदान झालेल्या ७८६ स्त्रियांची पुढची हकीकत तपासली, तेव्हा मधुमेहाचे प्रमाण जास्त निघाले. पण हृदयरोगाने मृत्यू अपेक्षेपेक्षा जास्त निघाले नाहीत. मग काय, सगळा बागुलबुवाच होता? तसेही नाही. २००० साली पिट्सबर्ग येथील टॅल्बट यांच्या पाहणीत दिसले, की पंचेचाळिशी उलटलेल्या अशा स्त्रियांच्या मानेतील रोहिणीची भिंत समवयस्क स्त्रियांपेक्षा जाड झालेली असते. तरुणपणी फरक दिसत नाही, तो वयाबरोबर उघडा पडतो.

तीस वर्षांच्या या वादाचा निवाडा २०२३ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांत आला. ऑस्ट्रेलियातील मोनाश विद्यापीठाच्या हेलेना टीड यांच्या नेतृत्वाखाली ती तयार झाली. त्यांचे म्हणणे समतोल आहे. पाळी चालू असण्याच्या वयात अशा स्त्रीला हृदयविकार होण्याचा धोका एकंदरीत थोडाच असतो, म्हणून घाबरून जाऊ नये. परंतु हा विकार हृदयरोगाच्या धोक्याचे एक कारण म्हणून धरलाच पाहिजे, आणि तो असलेल्या प्रत्येक स्त्रीची त्या दृष्टीने तपासणी झाली पाहिजे. सातपटीची भीती खोटी ठरली. ‘काही नाही हो, लग्न झाले की सगळे ठीक होते’ ही बेफिकिरीही खोटी ठरली.

* * *

मंगळवेढ्याचा याच्याशी संबंध काय, असे कोणी विचारील. मला तर तो फार जवळचा वाटतो.

आमचा मुलूख दुष्काळाचा. १८७६ ते १८७८ च्या दुष्काळाने सोलापूरकडचा सारा भाग होरपळून काढला. १९७२ चा दुष्काळ मी स्वतः पाहिला. दहा-अकरा वर्षांची होते. बायका डोक्यावर पदर घट्ट बांधून खडी फोडावयास जात, परदेशातून आलेल्या लालसर मिलोची भाकरी घशाखाली उतरत नसे, आणि मुलांना सुकडी मिळे तो दिवस सणाचा वाटे. पिढ्यान्‌पिढ्या अशा भुकेतून गेलेल्या शरीराने काय शिकावे? मिळेल तो दाणा साठवून ठेवावा, खर्च करू नये. अमेरिकेतील जेम्स नील यांनी १९६२ साली असा तर्क मांडला, की दुष्काळात जगविणारा हाच काटकसरी स्वभाव सुकाळात मधुमेहाचे कारण होत असावा. १९९२ साली हेल्स आणि बार्कर या इंग्रज संशोधकांनी त्याला दुसरी जोड दिली. काटकसर वंशातूनच येते असे नाही. आईच्या पोटात उपाशी राहिलेले मूलही ती शिकून येते. या उपपत्ती सर्वांना मान्य आहेत असे नाही, आणि पीसीओएसचा सगळा उलगडा त्यांतून होतो असेही कोणी म्हणत नाही.

पण आपल्या पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी केलेले काम या संदर्भात जगाने वाखाणले आहे. १९९३ पासून त्यांनी पुण्याजवळच्या सहा खेड्यांतील गरोदर बायांचा आणि त्यांच्या मुलांचा पाठपुरावा केला. तेथील नवजात बालकाचे वजन सरासरी २.७ किलो भरले, इंग्लंडातील साउदॅम्प्टनच्या बालकाचे ३.५ किलो. आपले मूल लहान, त्याचे स्नायू कमी. पण अंगावरची चरबी त्या मानाने फारशी कमी नाही! दिसावयास किडकिडीत आणि आतून मेदस्वी. म्हणूनच आपल्या बायकांच्या बाबतीत वजनकाट्यावर भिस्त ठेवून चालत नाही. इंग्लंडातील लीड्स येथील २००२ च्या एका अभ्यासात दक्षिण आशियाई वंशाच्या पीसीओएस असलेल्या स्त्रियांत ही लक्षणे गोऱ्या स्त्रियांपेक्षा लवकर आणि तीव्र दिसली, आणि इन्सुलिनचा दोषही जास्त आढळला. पंढरपूर-मंगळवेढ्याची सडपातळ मुलगी ‘मला काय होणार?’ म्हणाली तर तिला हे सांगितले पाहिजे.

आणि आमच्या खाण्याचे काय झाले? मंगळवेढ्याची काळी जमीन म्हणजे ज्वारीचे कोठार. थंडीच्या दवावर आणि जमिनीतल्या ओलीवर वाढणारी मालदांडी. २०१६ साली मंगळवेढ्याच्या ज्वारीला भौगोलिक मानांकन मिळाले. कोंड्यासकट दळलेली भाकरी, तोंडी लावायला पालेभाजी आणि शेंगदाण्याची चटणी, वर दिवसभराचे उभ्याचे काम, असे आमच्या आजीचे आयुष्य होते. ती सुखी होती असे मी म्हणणार नाही. तिची दुखणी निराळी होती. परंतु १९८० साली भीमेवर उजनीचे धरण पुरे झाले, पाणी आले, ऊस आला. दामाजीपंतांच्याच नावाचा सहकारी साखर कारखाना या तालुक्यात उभा राहिला. त्यात कोणाचा दोष नाही. पाण्यासाठी पिढ्यान्‌पिढ्या झुरलेल्या माणसाने ऊस लावू नये, हे सांगणारे आपण कोण? पण ज्वारीच्या कोठाराचा संत साखरेच्या पोत्यावर जाऊन बसला, ही घटना इतिहासाच्या विद्यार्थ्याने नोंदून ठेवण्यासारखी खचित आहे. दुष्काळाची सवय असलेले शरीर, बसून करण्याची कामे, आणि दिवसातून चार वेळा चहाबरोबर साखर! गंजलेल्या कुलपाला याहून जास्त काय लागते?

आता ज्या गोष्टीसाठी लेखणी हाती घेतली ती सांगते.

माझ्याबरोबर शाळेत एक शिक्षिका होती. मराठी शिकवीत असे, हसरी होती. तिची पाळी तरुणपणापासूनच अनियमित. लग्नानंतर आठ वर्षे मुलासाठी सगळे झाले. नवस, गंडेदोरे, पुढे मोठ्या शहरातले औषधोपचार. शेवटी मुलगा झाला, पेढे वाटले, आणि तिची फाइल कपाटात गेली ती कायमची. पुढे वीस वर्षांत तिचा रक्तदाब कोणी मोजला नाही, साखर कोणी पाहिली नाही. बावन्नाव्या वर्षी, लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी, तिला मळमळले, घाम सुटला, जबडा आणि पाठ दुखू लागली. ‘फराळाचे तेल बाधले, पित्त झाले’ असे ती स्वतःच म्हणाली. आले-लिंबू घेतले. संध्याकाळी ती गेली. तिचे हृदय त्या जुन्या विकारामुळेच थांबले, असे म्हणण्याचा मला अधिकार नाही. एका माणसाच्या मरणावरून शास्त्र सिद्ध होत नाही. पण वीस वर्षे कोणी विचारलेच नाही, हे मात्र मी डोळ्यांनी पाहिले.

ही काही एकट्या आमच्या गावाची तऱ्हा नाही. अमेरिकेतील हृदयरोगतज्ज्ञ बर्नाडीन हीली यांनी १९९१ साली लिहिले, की बाईला हृदयविकार झाला तर तो पुरुषासारखा झाल्याचे सिद्ध होईपर्यंत तिच्यावर पुरेसे उपचार होत नाहीत. या स्थितीला त्यांनी ‘येंटल’चे नाव दिले. येंटल ही आयझॅक सिंगर यांच्या कथेतील ज्यू मुलगी. शिकावयास मिळावे म्हणून तिला मुलाचा वेष घ्यावा लागला. आपल्या आनंदीबाई जोशींनी वेष बदलला नाही. नऊवारी साडीनिशी त्या १८८३ साली अमेरिकेस गेल्या आणि १८८६ साली डॉक्टर झाल्या. बाया आपले दुखणे पुरुष डॉक्टरांपुढे उघड करीत नाहीत, म्हणून बाईच डॉक्टर हवी, हे त्यांनी जाण्यापूर्वीच सांगितले होते. आज डॉक्टर बाया गावोगाव आहेत. पण दुखणे सांगावयाचे म्हणजे ते आधी दुखणे वाटले पाहिजे! पाळी चुकली तर फक्त सुनेची चुकते, आणि तीही नातवाच्या हिशेबात. हा संस्कार अजून आपल्या स्वयंपाकघरात बसून आहे. कान्होपात्रेच्या देहाची किंमत करणारे पुष्कळ होते, तिच्या जिवाची पर्वा करणारा विठ्ठल एकच होता. आमच्या घरच्या लेकीसुनांच्या वाट्याला निराळे काही येऊ द्यावयाचे की नाही, हे आपल्या हाती आहे.

करावयाचे ते फार अवघड नाही, आणि खर्चाचेही नाही. ज्या मुलीला वा बाईला हा विकार असल्याचे एकदा कळले आहे, तिचा रक्तदाब दर वर्षी मोजावा. साखर एक ते तीन वर्षांनी तपासावी; नुसती उपाशीपोटीची नव्हे, तर डॉक्टर सांगतील तेव्हा ग्लुकोज पिऊन करावयाची तपासणीही. निदान झाले तेव्हाच कोलेस्टेरॉल एकदा पाहून घ्यावे. कमरेचा घेर शिंप्याच्या टेपने घरीच मोजता येतो. आपल्याकडील बाईचा तो ८० सेंटिमीटरच्या आत असावा. दिवस राहिले तर डॉक्टरांना हा जुना विकार आठवणीने सांगावा, कारण गरोदरपणी साखर वाढण्याचा संभव जास्त. आठवड्याला निदान अडीच तास अंगाला घाम येईल असे चालावे. अमुक एक आहारच रामबाण, असे कोणी सिद्ध केलेले नाही. पण घरची भाकरी सोडून बाहेरच्या पुड्यांमागे लागण्याचे कारणही कोणी दाखविलेले नाही. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे मुलीला तिच्या वजनावरून, हनुवटीच्या केसांवरून टोचून बोलू नये. या विकाराबरोबर उदासी आणि चिंता पुष्कळदा येतात, हे त्याच आंतरराष्ट्रीय तत्त्वांत लिहिलेले आहे. त्यात घरच्यांनी भर घालण्याची गरज नाही.

ज्यांना मूल झाले त्यांनी फाइल कपाटात टाकू नये. ज्यांना झाले नाही त्यांनी तर मुळीच नाही. आणि छातीत, जबड्यात, पाठीत दुखू लागले, धाप लागली, गार घाम सुटला, तर पित्त म्हणून आले-लिंबू घेत बसू नये. तडक इस्पितळ गाठावे. पित्तच निघाले तर हसत घरी परत येता येईल.

भाऊबीज दोन-तीन दिवसांवर येईल. बहीण ओवाळील, भाऊ ताटात काहीतरी घालील. साडी घालावी, पैसे घालावेत, कोणाची ना नाही. पण निरांजन खाली ठेवल्यावर त्याने हळूच एवढे विचारावे : ‘ताई, तुझा रक्तदाब शेवटचा कधी मोजला होता?’ बहुतेक बहिणींना उत्तर देता येणार नाही. मग पाडवा-भाऊबीज आटोपल्यावर तिला घेऊन जावे. दामाजीपंतांनी कोठार उघडण्यासाठी बेदरच्या हुकुमाची वाट पाहिली नव्हती. आपल्याला तर हुकूमही नको आहे, शेजारच्या दवाखान्यातली पाच मिनिटे पुरेत.